ग्रामीण विदर्भात लहान मुलांना घेऊन ‘बार अँड रेस्टॉरंट’मध्ये जेवायला जाता येतं का?

इंग्लंडातल्या पबमध्ये लेकरांसाठी वेगळा मेनू असतो, मग आपल्याकडे बारची पाटी पाहून गाडी पुढे का न्यायची, असं तुम्ही विचारलंय. तिथल्या 2003 च्या परवाना कायद्यात 16 वर्षांखालचं पोर मोठ्या माणसासोबत पबमध्ये बसू शकतं. आपल्याकडे कायद्याआधी नातेवाईक आडवे येतात. जाता येतं. मी गेले आहे, आणि त्यावरून आमच्या घरात अजूनही टोमणे मारले जातात.

पुसदकडचं लग्न आटोपून आम्ही दारव्ह्याकडे परत येत होतो. मे महिना, दुपारचे तीन. मोठी चार वर्षांची, धाकटा अंगावर पिणारा. पंगतीत वांग्याच्या भाजीवर लाल तर्री, त्यामुळे मोठीनं दोन घासही खाल्ले नव्हते. गाडीत नणंद आणि तिचे यजमान. भाऊजी वर्धा जिल्ह्यातले. तिथे पन्नासेक वर्षांपासून दारूबंदी आहे, त्यामुळे परवाना असलेला बार म्हणजे त्यांना नरकाचं दार वाटतं. ‘शुद्ध शाकाहारी’ पाटी पाहून त्यांनी हट्टानं एका ढाब्यावर गाडी थांबवायला लावली.

बाजांवर बसलेल्या मंडळींच्या पाण्याच्या बाटल्यांतलं पाणी पिवळं होतं. खाली प्लास्टिकचे ग्लास. परवाना नसलेल्या ढाब्यावर बसून पिणं आणि पिऊ देणं, दोन्ही गुन्हे आहेत, पण पाटी शाकाहारी असली की कोणाला काही खुपत नाही. बायांची सोय म्हणजे मागचं वावर. तूर उभी असती तर एकवेळ आडोसा तरी मिळाला असता, मे महिन्यात वावरात काय असतं? धाकटा रडून लाल झालेला. मी म्हटलं, गाडी काढा.

दिग्रस सोडल्यावर बार लागला. “वयनी, लेकराले घेऊन बारात जाता का? लोकं काय म्हनतीन?” मी उतरले. माझ्यामागे नणंदही उतरली, हे भाऊजी सांगताना नेहमी गाळतात.

फॅमिली रूमला बाजूनं वेगळं दार होतं. कुलर, पडद्याचं केबिन. तिथे मी निवांत बसून पोराला पाजलं, जे लग्नघरातही जमलं नव्हतं. मॅनेजरनं स्वतःच विचारलं, “ताई, बिनतिखटाचं काय देऊ?” दुपारी तीनला गावातल्या हॉटेलांच्या भट्ट्या विझलेल्या असतात, बारचं किचन मात्र चालू असतं. आणि चकना म्हणून जे तयार असतं, उकडलेलं अंडं, काकडी, दही, भाजलेला पापड, तेच तर लेकरांचं जेवण! मोठीनं दही-भात आणि दोन अंडी संपवली. संडासाला कडी होती, नळाला पाणी होतं. पुढच्या हॉलमधून एकाचा आवाज चढला तर वेटर जाऊन त्याला गप्प करून आला. भाऊजी तेवढा वेळ गाडीत उन्हात बसून होते.

तेव्हापासून प्रत्येक बारशा-डोहाळजेवणाला ते सांगतात, “आमच्या वयनीनं पोराले बारात दूध पाजलं.” हो, पाजलं. लेकरांवर संस्कार बिघडतात म्हणे. मग आठवडी बाजारात भाजीच्या रांगेशेजारी देशीचं दुकान असतं, तिथे त्यांना डोळे मिटून नेता का? आणि बंदीच्या जिल्ह्यात कोणी पीतच नाही असं ज्याला वाटतं, त्यानं तिथल्या कोणत्याही खेड्यात संध्याकाळी फिरून यावं. चंद्रपूरची बंदी 2015 साली लागली, 2021 साली उठली. मधली सहा वर्षं दारू कुठून यायची, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

तुम्हाला एवढंच सांगते, पाटीवर जाऊ नका. ‘फॅमिली’ सगळेच लिहितात. आधी मोठ्या एका माणसानं उतरून बघावं: फॅमिलीचं दार वेगळं आहे का, की पिणाऱ्यांच्या टेबलांमधून जावं लागतं? संडासाला आतून कडी लागते का? हे दोन नसेल तर पुढे चला. भाजी सांगताना ‘कमी तिखट’ म्हणू नका, सावजी हाताचं कमी तिखटही लेकराला झेपत नाही. साधं वरण मागा, फोडणी न घालता.

हे सगळं दिवसाउजेडीचं. सातनंतर मी स्वतः जात नाही. बाजाराच्या दिवशी, कापसाचे पैसे हातात आल्यावर आणि निवडणुकीच्या हंगामात तर दुपारीही नाही. वर्धा जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर लगेच जे बार लागतात, तिथे बंदीतून सुटून आलेली गर्दी असते, तेही टाळा. गाडीचा ड्रायव्हर भाड्याचा असेल तर त्याला आपल्याच टेबलावर जेवायला बसवा, पुढच्या हॉलमध्ये सोडू नका.