प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनाच्या हेडमधला (सिलिंडरवरच्या झाकणातला) स्पार्क प्लगचा आटा गेला आहे. हेड बदलावे लागेल का?

केवळ आटा गेला म्हणून हेड बदलण्याची गरज नाही. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा असला तरी हेड ॲल्युमिनियमचे आहे आणि या मऊ धातूत पोलादी प्लग तिरका बसवला किंवा अती आवळला की आटे झिजून प्लगबरोबरच बाहेर येतात. यावर हेलिकॉइल, म्हणजे पोलादी तारेची आटेदार गुंडाळी, हा खात्रीचा उपाय आहे. १४ मिमी व्यास आणि १.२५ मिमी पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) संच घ्यावा, त्याच संचातील टॅपने भोकात नवे मोठे आटे पाडावेत आणि गुंडाळी पृष्ठभागाच्या किंचित खाली राहील इतकी आत फिरवावी.

टॅप सरळ धरणे हेच यातले खरे कौशल्य आहे, कारण तो तिरका गेला तर प्लगचा वॉशर एका बाजूनेच टेकतो आणि तिथून कॉम्प्रेशन गळू लागते. माझ्या मते हेड उतरवूनच हे काम करावे. ते शक्यच नसेल तर टॅपच्या खाचांत भरपूर ग्रीस भरावे, दर अर्ध्या फेऱ्यानंतर टॅप उलटा फिरवावा आणि मधूनमधून बाहेर काढून पुसावा, म्हणजे कीस सिलिंडरमध्ये पडण्याची शक्यता कमी होते. गुंडाळीच्या टोकाचा आडवा तुकडा तोडतानाही तो आत पडू देऊ नये. इपॉक्सीने आटे भरण्याचा सल्ला कृपया मानू नका. ज्वलनकक्षाच्या उष्णतेपुढे आणि दाबापुढे ते टिकत नाही.

नवा प्लग इंजिन थंड असतानाच, आधी हाताने फिरवून, साधारण २५ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावा.