कोकणात किनाऱ्यालगतच्या घरात राहून ऑनलाइन काम करायचं आहे. तिथल्या हवेत गॅजेट्स टिकतात का? रोज नेमकं काय उपयोगी पडतं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातलं काम घरून करायची मुभा मिळाली आहे, रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आजोळचं जांभ्याचं घर आहे, आणि लॅपटॉप, दोन मॉनिटर, कॅमेरा, स्मार्ट प्लग असा सगळा संसार घेऊन पावसाळ्याआधी तिकडे जायचा विचार आहे. मी दापोली तालुक्यात किनाऱ्यालाच राहतो, माझंही पोट याच कामावर आहे आणि नव्या यंत्रांची आवड शाळेपासूनची. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टिकतात. फक्त इथे वस्तू घेताना तिचा वेग आणि मेमरी नंतर बघायची. आधी बघायचं ते हे: लाईट गेल्यावर, नेट गेल्यावर आणि खाऱ्या हवेत ती काय करते.

किनाऱ्यावरच्या हवेत मिठाचे बारीक कण असतात आणि ते उघड्या यंत्राच्या आतही जाऊन बसतात. कोरडं मीठ फार त्रास देत नाही. पण हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. मिरग लागल्यापासून गणपती होईपर्यंत आपल्याकडे आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच उतरते. सर्किट बोर्डावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर धरतो, त्यातून वीज खेळली की तांब्यावर हिरवा गंज चढतो. म्हणूनच रोज चालणारं यंत्र इथे जास्त टिकतं, कारण ते आतून ऊबदार आणि कोरडं राहतं. बंद ठेवलेलं आधी जातं. चाकरमान्यांची घरं गणपतीला उघडली की टीव्ही लागत नाही, इन्व्हर्टर नुसता शिट्टी मारतो, हे दरवर्षी बघतो. दुसरा मॉनिटर कपाटात पडून राहणार असेल तर आणू नका. आणलात तर रोज थोडा वेळ लावा.

कॅमेऱ्याचं दुखणं वेगळं. लेन्सच्या आत बुरशी धरते, काचेवरचं कोटिंग खाते आणि तो डाग साफ करूनही राहतो. यावर महागडं कपाट लागत नाही. रबरी कडा असलेला स्वयंपाकघरातला हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. काटा 40 ते 50 टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा. 30 च्या खाली नेलात तर रबर आणि वंगण सुकतं. जेल केशरी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्ट असतं आणि ते विषारी आहे. केशरी जेल हिरवं पडलं की मंद आचेवर तापवून परत वापरता येतं. त्यासाठी जुना तवा वेगळा काढून ठेवा, भाकरीचा नको.

फोनचं थोडक्यात सांगतो. खोक्यावर आयपी 68 असं धूळ-पाणी आत न जाण्याचं मानांकन लिहिलेलं असतं, ती चाचणी गोड्या पाण्याची असते. समुद्राचं पाणी लागलं तर फोन बंद करून गोड्या पाण्याने हलकेच पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि चार्जिंगची पिन ओली असताना केबल अजिबात लावू नका. तांदळाच्या डब्यात फोन पुरण्याने फायदा होत नाही, उलट पिठूळ कण पिनेत जातात. अॅपलनेही 2024 मध्ये तसं करू नका असं सांगितलं आहे. पावसाळ्यात मी वायरलेस चार्जर वापरतो, पिनेला हात लावायची वेळच कमी येते.

आता जिथे खरा पैसा वाचतो तिथे येतो. वीज, म्हणजे आभाळातली.

कोकणात जुलैच्या संततधारेत विजा कमी असतात. धोका असतो तो मे अखेरीच्या वळवात आणि परतीच्या हत्तीच्या पावसात. वीज घरावरच पडावी लागते असंही नाही. लांब कुठे पडली तरी विजेच्या तारेतून, डिशच्या केबलमधून, तांब्याच्या कुठल्याही वायरमधून दणका आत येतो. त्यामुळे नवं गॅजेट घ्यायच्या आधी अर्थिंग तपासून घ्या, हे मी पोटतिडकीने सांगतो. जांभ्याच्या कातळात अर्थिंग नीट लागत नाही, एप्रिल-मेमध्ये जमीन सुकली की आणखी बिघडतं. जुन्या घरात तर कित्येकदा तीन पिनांच्या सॉकेटातली तिसरी वायर कुठेच गेलेली नसते. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत असलं तर ठीक. वीस-तीस दाखवत असेल तर अर्थिंगचा खड्डा नव्याने भरावा लागेल. शक्यतो विहिरीच्या किंवा न्हाणीच्या बाजूला, जिथे ओल टिकते. खड्डा झाल्यावर मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (तारेतून आलेला दणका जमिनीत ढकलणारा) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज कुठे गळली की लाईट तोडणारा स्विच) बसवून घ्या. बाजारात स्पाइक गार्ड म्हणून मिळणाऱ्या पट्ट्यांत संरक्षण करणारा भाग झटके खाऊन खाऊन संपतो आणि पट्टी मात्र चालूच राहते, म्हणून केवळ त्या पट्टीवर लॅपटॉप सोडू नका. अर्थिंग नसेल तर सर्ज प्रोटेक्टरलाही दणका ढकलायला जागा नसते.

पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी अॅप फोनवर ठेवा. आपल्यापासून 20 आणि 40 किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडत असेल तर ते इशारा देतं. इशारा आला की मी प्लग भिंतीतून काढतो आणि लॅपटॉप बॅटरीवर घेतो.

याच कारणाने नेट फायबरचंच घ्या. काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही. एक मेख आहे: खांबावरून घरात येणाऱ्या केबलमध्ये ताण धरण्यासाठी बऱ्याचदा एक पोलादी तार असते. ती घराबाहेरच कापून आकड्याला बांधायची आणि आत नुसता धागा घ्यायचा. जोडणीला येणाऱ्या माणसाला हे नम्रपणे सांगा आणि तो काम करत असताना उभे राहा. फायबरची दुसरी जमेची बाजू म्हणजे एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंत मधल्या वाटेवर कुठेही वीज लागत नाही, मधले स्प्लिटर, म्हणजे एका धाग्यातला प्रकाश अनेक घरांत वाटणारे डबे, विजेशिवाय चालतात. म्हणजे पलीकडे एक्स्चेंजला वीज असली आणि अलीकडे तुमच्या राउटरला असली, तर गाव अंधारात असतानाही मीटिंग चालू राहते. राउटरसाठी 12 व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस मिळतो, दोन-तीन तास सहज काढतो. मला विचाराल तर या घरात सगळ्यात आधी घ्यायची वस्तू तीच.

झावळ पडून केबल तुटली की राउटरवर एलओएस नावाचा लाल दिवा लुकलुकतो. मग राउटर बंद-चालू करत बसू नका. दिव्याचा फोटो काढून लाइनच्या माणसाला पाठवा, तो एका नजरेत समजतो. आणखी एक सवय लावून घ्या. राउटरच्या सेटिंगच्या पानावर फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएम या एककात दिसते. उणे 20 च्या आसपास असेल तर छान. पावसात एखाद्या जोडात पाणी शिरलं की हा आकडा दिवसेंदिवस खाली सरकतो, आणि उणे 27 च्या पलीकडे गेला की नेट तुटायला लागतं. मी दर आठवड्याला तो वहीत लिहितो. घसरण दिसली की नेट बंद पडायच्या आधीच तक्रार करता येते, आणि आकडा सांगितला की समोरचाही मनावर घेतो.

जोडीला दुसऱ्या कंपनीचं सिम हवंच. कोणतं, हे गावात विचारून ठरवा. इथे एका वाडीत येणारी रेंज खालच्या वाडीत नसते.

जांभ्याच्या भिंती वायफायला जड जातात. चिरा जाड, सच्छिद्र, आणि पावसात पाणी पिऊन बसलेला. राउटर माजघरात आणि तुमचं टेबल पडवीत असेल तर 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल एका भिंतीतच दम तोडतो. 2.4 वर काम भागतं, पण त्यापेक्षा खोल्यांमधून लॅन केबल ओढून दुसऱ्या टोकाला एक अॅक्सेस पॉइंट, म्हणजे तिथे नव्याने वायफाय देणारी डबी, लावा. गोठ्याकडे किंवा आगरातल्या खोलीत नेट न्यायचं असेल तर मात्र उघड्यावरून तांब्याची लॅन नेऊ नका, तिथेही फायबर आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा प्रकाश लॅनमध्ये आणि लॅनचा प्रकाशात बदलणाऱ्या डब्या). खर्च थोडाच वाढतो.

इन्व्हर्टरचा हिशेब सोपा आहे. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॉट-तास. तिचं आयुष्य राखायचं तर निम्मेच वापरायचे. लॅपटॉपला पन्नासेक वॉट, राउटरला दहा. साधा पंखा 75 च्या आसपास खातो आणि बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, तीसच्या आसपास. म्हणजे नुसता पंखा बदलल्याने बॅकअप साडेसहा तासांवरून दहा तासांवर जातो. लॅपटॉपच्या बाबतीत इतका फरक पाडणारं दुसरं काही माझ्या घरात नाही, आणि ते आहे छताचा पंखा!

सोलरबद्दल गावात बरंच बोललं जातं. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे, बिल खरंच उतरतं. पण ऑन-ग्रिड, म्हणजे खांबावरच्या लाइनला जोडलेलं सोलर, लाईट गेल्यावर स्वतःहून बंद होतं. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम ठेवलेली असते. भर उन्हात छतावर पॅनल आणि घरात अंधार, असं होऊ शकतं. बॅकअप हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी, हे आधी ठरवून मगच करार करा.

स्मार्ट प्लग आणा, फक्त घरातल्या नेटवर्कवर चालणारे आणा. ज्यांचा हुकूम परदेशातल्या सर्व्हरवरून फिरून येतो ते बाहेरचं नेट गेलं की मुके होतात. मॅटर या स्मार्ट उपकरणांच्या सामायिक मानकावर चालणारे घेतलेत तर ही अडचण येत नाही. विहिरीवरच्या पंपासाठी प्लग वापरणार असाल तर मोटर थेट त्यावर घालू नका, सुरू होतानाचा करंट कितीतरी पट असतो. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा जड करंट पेलणारा स्विच, लावा. आणि सेटिंगमध्ये वीज परत आल्यावर प्लग बंदच राहील असं ठेवा. नाहीतर मध्यरात्री लाईट येते, कोणी जागं नसताना पंप सुरू होतो.

हवामानासाठी हवामान खात्याचं रडार आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे लाटांचे इशारे रोज बघावेत. तुमचं घर समुद्राला इतकं लागून आहे तर उधाणाच्या दिवसांत हे दुसरं जास्त महत्त्वाचं. वाऱ्यासाठी विंडी नावाचं अॅप वापरतो. भरतीच्या वेळा अॅपवर मिळतात, पण इथली जुनी माणसं तिथीच्या पाऊणपटीवरून सांगतात: अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. तासाभराच्या फरकाने जमतं आणि नेट लागत नाही. ते शिकून घ्याच.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दापोली-मंडणगडलाही झोडपून गेलं. टॉवर बंद, खांब आडवे, काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. त्या काळात फोनवर आधीच उतरवून ठेवलेलं तेवढंच हाताशी होतं. तेव्हापासून माझ्याकडे तालुक्याचा ऑफलाइन नकाशा, महत्त्वाचे नंबर कागदावर, कामाच्या फायलींची एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर आणि एक बॅटरीवरचा रेडिओ असतोच. नकाशावर मात्र डोळे झाकून जाऊ नका. पायऱ्यांची पाखाडीसुद्धा त्याला कधीकधी गाडीरस्ता वाटते.

आणि तयारीत असा, गावात गेलात की लोक तुमच्याकडे येतील. शेजारच्या काकांना डिजिटल सहीचा सातबारा हवा असेल; तो 15 रुपयांत महाभूमीच्या साइटवर मिळतो, तालुक्याला खेप पडत नाही. कोणाला ई-पीक पाहणी भरायची असेल. ज्यांना टाइप करणं जमत नाही त्यांना कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोलायला शिकवा, आजीसुद्धा दोन दिवसांत नातवाला मेसेज करायला लागते. मला या कामात सगळ्यात जास्त आनंद मिळतो. त्याच बैठकीत ओटीपी कोणालाही सांगायचा नाही आणि फसवणूक झाली तर लगेच 1930 वर फोन करायचा, हेही सांगा. तो नंबर मी आमच्या वाडीत बऱ्याच जणांच्या फोनमध्ये स्वतः सेव्ह करून दिला आहे.

तुम्ही पावसाळ्याआधी येताय, तर सामान हलवायच्या आधी एकदा रिकाम्या हातांनी येऊन जा. दोन कंपन्यांची सिम घेऊन प्रत्येक खोलीत रेंज बघा, फायबर कोणत्या खांबापर्यंत आलंय ते विचारा आणि वायरमनची वेळ आधीच ठरवा. आगोटीच्या दिवसांत तो कौलांच्या माणसाइतकाच दुर्मीळ होतो. न्यूट्रल-अर्थचा आकडा इथे लिहिलात तर पुढे काय करायचं ते सांगतो.