जुन्या गेमचं ओपन सोर्स इंजिन उतरवलं, तरी मूळ गेम विकत घ्यावा लागतो का?

गेमनुसार उत्तर बदलतं. इंजिन म्हणजे गेम चालवणारा कोड; ओपन सोर्स म्हणजे तो कोड सगळ्यांसाठी खुला. चित्रं, आवाज, नकाशे हा वेगळा ऐवज. बहुतेकदा नव्याने लिहिला जातो तो फक्त कोड. ऐवजावरचा हक्क मूळ मालकाकडेच राहतो.

'ओपनएमडब्ल्यू'चं उदाहरण घ्या. २००२ च्या 'मोरोविंड' या गेमसाठीचं हे इंजिन फुकट आहे, पण मोरोविंड खेळायचा तर त्याच्या मूळ फायली तुमच्याकडे हव्यातच. गेम विकत घ्या, इंजिनला फोल्डर दाखवा, झालं.

'ओपनटीटीडी'ची गोष्ट मात्र मला फार जवळची वाटते. १९९५ चा 'ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्स' हा वाहतूक कंपनी चालवण्याचा गेम ख्रिस सॉयर यांनी बराचसा असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांच्या जवळ जाणाऱ्या भाषेत, लिहिला होता. लुडविग स्ट्रिगियस यांनी तो उलगडून सी भाषेत उतरवला आणि २००४ मध्ये 'ओपनटीटीडी' या नावाने सगळ्यांसाठी खुला केला. पुढे स्वयंसेवकांनी चित्रं, आवाज, संगीत, सगळंच नव्याने घडवलं. म्हणून आज मूळ गेमशिवायही तो पूर्ण खेळता येतो. मूळ नकाशा २५६ × २५६ चौकटींचा होता, इथे ४०९६ × ४०९६ पर्यंत जाता येतं. किती वर्षांची चिकाटी आहे ही!

सुरुवात करायची तर यापासूनच करा. साध्या लॅपटॉपवरही छान चालतो.