करंट परत कुठून येतो? पीसीबी (सर्किट बोर्ड) आणि ईएमआय (सर्किटमधून बाहेर पडून इतरांना त्रास देणाऱ्या रेडिओ लहरी) : वाचकांचे प्रश्न

आमचा दोन लेयरचा (कॉपरच्या दोन थरांचा) कंट्रोलर बोर्ड रेडिएशनच्या टेस्टमध्ये १४४ आणि २४० मेगाहर्ट्झला नापास झाला. प्लास्टिकच्या डब्याला आतून कंडक्टिव्ह पेंट मारू का? (भोसरी)

पेंट विकत घेण्याआधी भागाकार करा. १४४ भागिले ३, २४० भागिले ५. दोन्हीकडे ४८ येतात, म्हणजे ही ४८ मेगाहर्ट्झच्या एखाद्या क्लॉकची तिसरी आणि पाचवी पट (हार्मोनिक) आहे. तुम्ही पाठवलेल्या लेआउटमध्ये ४८ मेगाहर्ट्झचा क्लॉक मायक्रोकंट्रोलरपासून फ्लॅश मेमरीपर्यंत सहा सेंटीमीटर धावतोय, आणि बरोबर त्याच्या वाटेत, खालच्या लेयरवर, रिलेचा एक ट्रॅक आडवा गेलाय. त्या ट्रॅकने ग्राउंडचं कॉपर चिरलंय.

क्लॉकचा करंट जातो तेवढाच परत येतो. डीसी असता तर त्याने कमी रेझिस्टन्सची वाट धरली असती. मेगाहर्ट्झमध्ये तो कमी इंडक्टन्सची वाट धरतो, म्हणजे ट्रॅकच्या अगदी खालची. तिथे चीर आली की बिचारा वळसा घालतो, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या करंटमध्ये जो लूप तयार होतो तीच तुमची अँटेना. लूपचं क्षेत्रफळ दुप्पट झालं की फील्ड दुप्पट, तेवढ्याच करंटची फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की चौपट. अशा वेळी पेंट मारणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

ही चूक मीही केलीय. एक जम्पर वाचवण्यासाठी ग्राउंड कापलं होतं. टेस्टच्या चेंबरचं भाडं तासावर चालू, आणि मी कोपऱ्यात बसून ब्लेडने चिरेच्या दोन्ही बाजूंचा हिरवा मास्क खरवडतोय. मधल्या ट्रॅकवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी इन्सुलेटिंग टेप) लावली, वरून कॉपरची पट्टी टाकून दोन्ही टोकं सोल्डर केली. स्क्रीनवरचं ते शिखर बसलं. तुम्हीही नवा बोर्ड काढण्याआधी हे करून बघा.

आणखी एक, फुकटातलं. फर्मवेअरमध्ये त्या क्लॉकच्या पिनचा स्पीड ‘व्हेरी हाय’ ठेवलाय का? एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर वापरणारे बरेच जण सवयीने तोच निवडतात. १ नॅनोसेकंदात चढणाऱ्या कडेतली ऊर्जा सुमारे ३५० मेगाहर्ट्झपर्यंत पोचते, मग क्लॉक कितीही सावकाश असो. फ्लॅशचं टायमिंग सांभाळून स्पीड एक पायरी उतरवा आणि मायक्रोकंट्रोलरच्या पायाशी ३३ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाका. फ्लॅशच्या टोकाला टाकलात तर उपयोग नाही.

सर म्हणतात, अ‍ॅनालॉग आणि डिजिटल ग्राउंड वेगळे करून एकाच ठिकाणी जोडायचे. बरोबर आहे का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक)

तुमच्यासारख्या एका एडीसीच्या (अ‍ॅनालॉगचं डिजिटल करणाऱ्या चिपच्या) बोर्डावर नको. वेगळी जागा द्या, वेगळं ग्राउंड नको. सेन्सर आणि ऑपअ‍ॅम्प एका कोपऱ्यात, मायक्रोकंट्रोलर आणि पॉवर दुसऱ्या बाजूला, खाली मात्र सलग कॉपर. ग्राउंड कापलंत की कुठला ना कुठला सिग्नल ती फट ओलांडणारच, आणि पुन्हा वरच्या भोसरीच्या प्रश्नापाशी याल. मेन्सच्या आयसोलेशनची फट मात्र सुरक्षेसाठी असते. तिच्या वाटेला जाऊ नका. (सरांशी वाद घालायचा तर सबमिशननंतर घाला.)

२४ व्होल्टवरून ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर चालू केला की शेजारच्या एफएम रेडिओवर खरखर येते. मोठा इंडक्टर लावला, फरक नाही. (कोल्हापूर)

पडणारच नाही. इंडक्टरमधला करंट तसा शांत असतो. खरी झटापट इनपुटच्या बाजूला चालते. इनपुट कपॅसिटर, वरचा स्विच, खालचा डायोड किंवा स्विच, आणि परत कपॅसिटर, एवढ्या छोट्या फेरीत करंट काही नॅनोसेकंदांत चालू-बंद होतो. त्या फेरीचा इंडक्टन्स ५ नॅनोहेन्री आणि स्विचची कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरड धरली, तर दर स्विचिंगला ती सुमारे १०० मेगाहर्ट्झवर झंकारते. एफएमचा पट्टा ८८ ते १०८. आता खरखर कुठून येते ते कळलं.

बारीक ट्रॅकचा दर मिलिमीटर जवळपास १ नॅनोहेन्री वाढवतो. फोटोत तुमचा सिरॅमिक कपॅसिटर आयसीपासून दीड सेंटीमीटर लांब दिसतोय. तो व्हीइन (इनपुट) आणि ग्राउंडच्या पायांना खेटून, आयसीच्याच बाजूला, मध्ये व्हाया (दोन लेयर जोडणारं भोक) न घेता बसवा. स्विच नोडचं (दोन्ही स्विच आणि इंडक्टर जिथे जुळतात त्या जागेचं) कॉपर ‘थंड राहील’ म्हणून पसरवू नका. एवढं करूनही झंकार उरला तर बूट कपॅसिटरच्या (वरच्या स्विचला चालवणाऱ्या छोट्या कपॅसिटरच्या) सिरीजमध्ये काही ओहमचा रेझिस्टर टाका. चढती कडा मंदावते, आयसी थोडा जास्त तापतो.

यूएसबी केबल काढली की बोर्ड पास, लावली की नापास. केबल बदलू का? (पुणे)

केबल निर्दोष आहे, ती फक्त अँटेनाचं काम करते. हिशेब बघा : मीटरभर केबलवर ५० मेगाहर्ट्झचा अवघा ५ मायक्रोअ‍ॅम्पिअर कॉमन मोड करंट (केबलच्या सगळ्या तारांत एकाच दिशेने वाहणारा) असला, तरी ३ मीटरवर १०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटरच्या आसपास फील्ड मिळतं. घरगुती उपकरणांसाठी अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाची त्या फ्रिक्वेन्सीची मर्यादा तेवढीच आहे. कनेक्टरची शील्ड पातळ, लांब ट्रॅकने ग्राउंडला नेली असेल तर तो ट्रॅक काढा आणि शील्ड रुंद कॉपरने, जमल्यास थेट चॅसीला (धातूच्या सांगाड्याला) जोडा. फेराइटचा कॉमन मोड चोक त्यानंतर.

चार लेयरचा खर्च वसूल होतो का? (ठाणे)

दोन लेयरच्या बोर्डात ट्रॅक आणि ग्राउंडमध्ये १.६ मिलिमीटर असतात, चार लेयरमध्ये ०.२ च्या आसपास. म्हणजे लूप आठपट लहान. चेंबरच्या दुसऱ्या फेरीचं बिल एकदा भरलेला माणूस हा प्रश्न विचारत नाही. दुसरा लेयर अखंड ग्राउंड ठेवा, त्यात ‘फक्त एकच’ ट्रॅकही घुसवू नका. तिसराही ग्राउंडच असेल आणि क्लॉक पहिल्यावरून चौथ्यावर उतरत असेल, तर त्या व्हायाच्या शेजारी ग्राउंडची एक व्हाया द्या. परतीच्या करंटलाही जिना लागतो.