फोंड्यात वडिलांची खानावळ तोट्यात आहे. सावरायला सुरुवात कुठून करू?

आधी गल्ला आणि घरखर्च वेगळा करा. आमच्या म्हापशातल्या खानावळीत घरचं वाणसामानही गल्ल्यातूनच यायचं, त्यामुळे तोटा नेमका कुठे तेच कळेना. महिनाभर वहीत रोजचं लिहिलं. 32 पदार्थांतले खपत होते 9! इसवणाच्या (सुरमईच्या) थाळीत तर पदरचे जात होते. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरबंदीत मासळी महागते, आमचा भाव मात्र बारमाही तोच. आता पावसाळ्यात सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर, आणि खतखतें, म्हणजे मिश्र भाज्यांचं कालवण, एवढंच देतो. गिऱ्हाईक कुरकुरलं, पण आलं.

कर्ज असेल तर हप्ता चुकण्याआधीच बँकेत जाऊन बोला. 90 दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं. उधारी वसुलीला स्वतः जा, पोऱ्याला पाठवू नका.