पेनेलोपीचं बारसं

प्रिय सोनू,

मामाच्या बाळाचं नाव पेनेलोपी ठरल्यापासून तू विचारतोयस, ग्रीक नावाचं मराठी बारसं होतं का, आणि ही पेनेलोपी होती तरी कोण?

बारसं रीतसर होतं. आपल्याकडे कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं अशी नावं आधी घेतात. हाक मारायचं नाव शेवटी, आणि ते कुठल्याही भाषेतलं चालतं. चित्रा नक्षत्राच्या पहिल्या चरणाचं अक्षर तर ‘पे’च आहे!

ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीनं नाव लिहितात. इथे जरा जपायला हवं, कारण या नावातल्या एकूण एक अक्षराला मात्रा नाहीतर वेलांटी आहे. थर जाड झाला की दाणे घरंगळून रेघ बुजते आणि मात्रा आधी जातात. म्हणून मोठं ताट, तांदूळ दोनच मुठी, आणि वरच्या कडेला दोन बोटं जागा सोडायची. मग ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत पाळण्याच्या खालून-वरून आधी वरवंटा फिरवायचा, नंतर बाळ. बाळाच्या कानात नाव मीच सांगणार, आत्याचा मान तो. इंग्रजी स्पेलिंग बघून पुष्कळजण ‘पेनेलोप’ म्हणतात. तसं नाही, पे-ने-लो-पी.

आता ती कोण. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यातली इथाका बेटाची राणी. नवरा ओडिसियस वीस वर्षं बाहेर: दहा ट्रॉयच्या युद्धात, दहा परतीच्या वाटेवर. इकडे लग्नासाठी १०८ जण वाड्यात ठाण मांडून बसले. तिनं सांगितलं, सासऱ्यांचं कफन विणून झालं की ठरवते. ग्रीकांचा माग उभा असायचा. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांना खाली वजनं टांगलेली, कापड वरून खाली विणत यायचं. दिवसा विणलेलं ती रात्री मशालीच्या उजेडात उसवायची. आडवा धागा काढला तरी ताणा जागेवरच, त्यामुळे सकाळी काम पुन्हा सुरू. तीन वर्षं हे खपलं; चौथ्या वर्षी एका दासीनं फोडलं. नवरा परतला तेव्हाही तिनं लगेच विश्वास ठेवला नाही. ‘पलंग बाहेर काढा,’ असं दासीला सांगून त्याची परीक्षा घेतली. त्या पलंगाचा एक खूर म्हणजे जमिनीत रुजलेलं ऑलिव्हचं खोड होतं. तो हलणार नाही हे खऱ्या नवऱ्यालाच ठाऊक.

प्राचीन अथेन्समध्ये मुलगी झाली की दारावर लोकर टांगत, कारण कातणं-विणणं बायकांचं काम. त्याच कामाला पेनेलोपीनं आपलं शस्त्र केलं.

तुझ्या ओळखीच्या पेनेलोपी नंतरच्या. १९६५च्या ‘थंडरबर्ड्स’ या टीव्ही मालिकेतली लेडी पेनेलोपी सहा चाकांच्या गुलाबी रोल्स-रॉइसमधून हेरगिरी करते, १९६८च्या ‘वॅकी रेसेस’ या कार्टूनमधली पेनेलोपी पिटस्टॉप शर्यतीत गाडी पळवते. मला सगळ्यांत पटते ती ‘ब्रिजर्टन’ मालिकेतली, नाव लपवून अख्ख्या लंडनच्या बातम्या लिहिणारी. मूळ राणीची युक्ती तिच्यात उतरलीय. नुसती वाट बघणारी पेनेलोपी दाखवतात तेव्हा अर्धी गोष्टच गाळलेली असते. मामानं नाव निवडलं ते त्या हुशारीसाठी, आणि मला ते फार आवडलं.

बारशाला तुझे मित्र येतील. मी ‘कुर्रर्र’ केलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, पण हळू. त्यांना आधीच सांगून ठेव. आणि घुगऱ्यांसाठी हरभरे आदल्या रात्री भिजत घालायला मला आठवण कर.

तुझी,
आई