नळीचा चोक: केवळ तोंडाचे माप पुरेसे आहे का?

प्रश्न: आजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक वारसाहक्काने, रीतसर परवान्यासह माझ्याकडे आली आहे. मी रबाळे एमआयडीसीतील एका टूलरूममध्ये काम करतो. व्हर्नियर कॅलिपरने नळ्यांची तोंडे मोजली असता उजवीचे माप १८.२ आणि डावीचे १७.८ मि.मी. आले. बारा बोअरचे प्रमाणित माप १८.५ मि.मी. असल्याने उजवी नळी पाव चोकची आणि डावी पाऊण चोकची, असे मी धरले. ते बरोबर आहे का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: आपले मोजमाप काळजीपूर्वक केलेले दिसते, वजाबाकी मात्र चुकीच्या आकड्यातून झाली आहे. चोक म्हणजे तोंडाचा व्यास नव्हे, तर नळीच्या आतील व्यासापेक्षा तोंडाजवळची नळी जितकी अरुंद केलेली असते तो फरक. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्यास एका गोळीचा जो व्यास येतो तो १८.५ मि.मी., आणि बारा बोअरचे प्रमाणित माप याच हिशेबाने ठरले आहे. प्रत्यक्षात जुन्या नळ्या त्याहून थोड्या अरुंद किंवा रुंद आढळतात. जुन्या इंग्लिश बंदुकींच्या नळ्यांखाली कोरलेला १३/१ हा आकडा सुमारे १८.३ मि.मी. व्यास दर्शवतो. आपल्या नळ्या तशा असतील, तर डाव्या नळीचा फरक ०.५ मि.मी., म्हणजे पाऊण नव्हे तर अर्धा चोक ठरतो आणि उजवी ०.१ मि.मी. फरकामुळे जवळजवळ खुली ठरते. साधारणपणे पाव चोकसाठी ०.२५, अर्ध्यासाठी ०.५, पाऊणसाठी ०.७५ आणि पूर्ण चोकसाठी १ मि.मी. फरक धरतात.

म्हणून प्रत्येक नळीची दोन मापे हवीत. कॅलिपरचे जबडे तोंडाच्या आत फारसे पोहोचत नाहीत, आणि काही नळ्यांत सर्वांत अरुंद जागा अगदी कडेला नसून थोडी आत असते. लांब दांड्याचे डायल बोअर गेज वापरून चेंबर (काडतूस बसते तो मागचा भाग) आणि त्यापुढील निमुळता भाग सोडून मधल्या नळीचा व्यास घ्यावा, मग तोंडाकडे सरकत सर्वांत लहान व्यास शोधावा. दोन्ही ठिकाणी गेज काटकोनात फिरवून पुन्हा वाचन घ्यावे. त्याआधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळ्या उतरवून घ्याव्यात. आपल्या कारखान्यात उत्तम गेज असले तरी नळ्या तेथे नेऊ नयेत, कारण शस्त्र कायदा, १९५९ नुसार शस्त्राचे भागही शस्त्रातच मोडतात. परवानाधारक बंदूक कारागिराकडून माप घेणे हाच योग्य मार्ग आहे.

दोन्ही नळ्यांत तोंड आणि मधला भाग यांच्या व्यासात अजिबात फरक न आढळल्यास त्यांची तोंडे पूर्वी कधी कापली गेली होती का, हे पाहावे. चोक शेवटच्या काही सेंटिमीटरांतच असल्याने कापलेल्या नळीतून तो नाहीसा होतो, आणि दुनळीच्या तोंडाशी दोन नळ्यांमध्ये फट दिसते.

तरीही गेज सांगते ती नळीची घडण. छर्रे कसे पडतात हे कागदच सांगतो, आणि माझ्या मते अखेरचा शब्द कागदाचाच मानावा. मान्यताप्राप्त रेंजवर ४० यार्डांवरून, म्हणजे ३६.६ मीटरवरून, मोठ्या कागदावर एक काडतूस झाडावे. छर्रे जेथे सर्वाधिक दाट असतील तेथे ३० इंच व्यासाचे वर्तुळ आखून आतील छिद्रे मोजावीत. काडतुसातील २०० छर्‍यांपैकी १२० आत पडले, तर ६० टक्के, म्हणजे अर्ध्या चोकची कामगिरी. पूर्ण चोककडून सुमारे ७०, पाव चोककडून ५५ आणि चोकविरहित नळीकडून ४० टक्के अपेक्षित असतात. एकाच कागदावरून निष्कर्ष काढू नये, कारण त्याच नळीतून त्याच काडतुसांचे आकडेही कमीजास्त होतात. काडतुसाचा प्रकार बदलल्यास तर अर्ध्या चोकची नळी पाऊण चोकसारखे छर्रे टाकू शकते.